शेवटी जेवणारा आचारी

शाळेच्या खानावळीतला आचारी पहिल्यांदा नजरेत भरला तो उभ्याने जेवताना. पोरांचं शेवटचं ताट उठेपर्यंत तो घास घेत नसे; मग चुलीपाशीच चार घास उरकी. पोट भरलं की हात सैल पडतो, असं त्याचं म्हणणं.

साठीला टेकला आणि घास छातीत अडकू लागला. अन्ननलिकेचा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. लेझरनं गाठ आतून जाळून वाट मोकळी करता येईल; आजार जाणार नाही, आणि महिना-दीड महिन्यात वाट पुन्हा बुजेल. हे त्याला पटलं. पटेना ते पुढचं. दोनदा तो उपाशीपोटी जाऊन बसला आणि दोनदा यंत्र बिघडलंय म्हणून हात हलवत परत आला. दुसऱ्यांदा खिडकीवरच्या कारकुनाला त्यानं सुनावलंच, "माझ्याकडे दोनशे पोरं ताटं मांडून बसायची. चूल बिघडली असं मी एकदाही सांगितलं नाही."

तिसऱ्या खेपेला काम झालं. दोन दिवस सूज होती. मग गाळलेलं सूप विनातक्रार उतरू लागलं.

त्याची चिडचिड मात्र उतरेना. आजार कळल्यापासून बायको आणि लेक त्याच्यासमोर जेवत नव्हत्या. त्याचा डोळा लागला असं समजून मागच्या खोलीत दार लोटून, भांड्याचा आवाज न करता उरकायच्या. जन्मभर लोकांना वाढलं, आणि त्याच्याच घरात अन्न चोरून खाल्लं जात होतं. गाठीपेक्षा हे जास्त डाचत होतं.

एका दुपारी त्यानं दार उघडलं. लेकीचा घास तोंडातच राहिला. बायको खाली बघून म्हणाली, "अहो, तुम्हाला बघून घास उतरत नाही आम्हाला."

"मग तिघांचीही नळी बंद म्हणायची," तो म्हणाला. "लेझर मला एकट्याला मिळताना मारामार. ताटं बाहेर आणा. मी वाढतो. माझं काम काढून घेऊ नका."

ताटं बाहेर आली. पातेल्याचं झाकण काढून त्यानं नुसता वास घेतला आणि भाजी खाली लागल्याचं सांगितलं. लेकीला हसू आवरेना.

आता दर सहा आठवड्यांनी तो लेझरला जातो. तारीख अजून चुकते, तो अजून चिडतो. दुपारी दोघींना वाढतो, आणि त्यांची ताटं उठली की ओट्यापाशी उभा राहून सूप घेतो. एका वाटीला त्याला अर्धा तास लागतो.