पाहुणीच्या आईची ओटी

आमच्या पेणच्या गल्लीतल्या पापडवाल्या मावशी कशालाही नुसतं ‘व्हय’ म्हणतात. सरकारी बालकल्याण कमिटीनं विचारलं तेव्हाही ‘व्हय’ म्हणून त्यांनी एक अनोळखी मुलगी, तिची आजारी आई बरी होईपर्यंत, सांभाळायला घेतली.

“माझी नाय गो, पाहुणी हाय,” असं आम्हाला बजावायच्या आणि रोज तिच्या दोन वेण्या घालायच्या. तिला शाळेत सोडायला गेल्या की त्यांच्या वाटणीचे पापड आम्ही शेजारणी लाटायचो.

परवा तिची आई बरी होऊन रोह्याहून मुलीला न्यायला आली आणि दारातच अवघडून उभी राहिली. मावशींनी तिला पाटावर बसवून खणानारळानं तिची ओटी भरली.

“पोरीला घेऊन येत जा गो. तुजं माहेर हाय हे.”

दोघी गेल्यावर मावशी लाटायला बसल्या. एकही पापड गोल होईना. आम्ही ते आमच्या पापडांत मिसळून टाकले.