दगड न ठेवलेला पेंढा

मैनाबाई उतारावर पोचल्या तेव्हा त्यांना आधी वाटलं, आपण चुकून पलीकडच्या टेपाडावर चढलो. इथे पेंढा असायला हवा होता. मागच्याच आठवड्यात स्वतः उभं राहून त्यांनी तो अंथरून घेतला होता. जुना, कुबट, गुरंही तोंड लावणार नाहीत असा भाताचा पेंढा, पालघरकडच्या गावांतून टेम्पोने आणलेला. आता समोर नुसता काळा डोंगर होता. जळक्या ऐनांचे बुंधे, पायाखाली राख, आणि मधूनच एखादी चुकार काडी.

त्या एका धोंड्यावर बसल्या. रागवायला हवं होतं, पण राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि त्यांची होती तेवढी चढणीनेच खाल्ली होती.

होळी झाल्यावर ऐनपाड्याच्या या डोंगराला वणवा लागला. कोणी लावला ते कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. डोंगर जळतो तसा दरवर्षी थोडाफार. या वर्षी माथ्यापासून ओहळापर्यंत सगळाच गेला. डोंगराच्या पायथ्याशी, ओहळाच्या काठाला, दगडांनी बांधलेली एक विहीर आहे. आजूबाजूच्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात तेव्हा ऐनपाडा या विहिरीवर मे महिना काढतो. उघड्या डोंगरावर पाऊस पडला की राख आणि माती ओहळाने खाली येणार आणि विहिरीचा झरा बुजणार. तो बुजू द्यायचा नाही, हे मैनाबाईंचं काम. पाणी जिरवण्याची कामं करणाऱ्या एका संस्थेच्या त्या देखरेख करणाऱ्या बाई. ओहळात दगडांचे आडवे बांध घालायचे, अर्धे जळालेले ओंडके उतारावर आडवे रोवायचे, आणि उघड्या जमिनीवर पेंढ्याचं पांघरूण घालायचं, म्हणजे पावसाचा मार थेट मातीला बसत नाही.

दगड आणि पाणी या दोन गोष्टींनी मैनाबाईंची पाठ कधी सोडली नाही. माहेर माण तालुक्यातलं. दुष्काळात आईबरोबर रोजगार हमीवर त्यांनी पाझर तलावाची माती वाहिली होती. लग्न होऊन बोईसरला आल्या, तेव्हा आईला सांगितलं होतं, तिकडे पाऊसच इतका आहे की आता घमेलं कोण उचलतंय. नवरा, बन्सी, कंपनीत पावडरच्या खात्यात होता. पुढे त्याला जिना चढताना श्वासासाठी मध्ये थांबावं लागायला लागलं, नोकरी सुटली, आणि मैनाबाई पुन्हा घमेल्यापाशी आल्या. फरक इतकाच, की आता त्या दुसऱ्यांना घमेली उचलायला लावत. गुडघे मात्र स्वतःचेच झिजत होते. ऐनपाड्याचं काम शेवटचं, असं त्यांनी बन्सीला कबूल केलं होतं.

थोड्या वेळाने त्या उठल्या आणि सांडलेल्या काड्यांच्या मागाने खाली उतरल्या. माग ऐनपाड्यातल्या ठकीच्या शेताशी संपला. बांधाच्या आत जमिनीचा एक तुकडा चौकोनी जळून काळा झाला होता. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, फांद्या रचून भाजतात, तो राब.

ठकी बांधावर कुदळीने माती ओढत होती. "ये बाय. च्या पितेस?"

"वरचा पेंढा कुठे गेला, ठकीबाय?"

ठकीने काही लपवलं नाही. कुदळीच्या दांड्याने समोर दाखवलं. "ह्या राबात. नि त्या खालच्या. सगल्या पाड्यानं नेला."

"अगं, माझा होता तो."

"तुजा?" ठकी खरोखरच चकित झाली. "तुजा होता तं दगड का नाय ठेवला?"

ओटीवर बसलेला तिचा नवरा बुधा हसला. "आमी बोललो, डोंगर जळला, राबाला पाला कुठनं आणावा, तं सरकारनं धाडला. पयल्यांदा कायतरी कामाचा आला."

डोंगरावर पडलेलं वाळकं ज्याला दिसेल त्याचं. गोळा करून ठेवायचं असेल आणि आज न्यायचं नसेल, तर ढिगावर एक दगड ठेवायचा. मग त्याला कोणी हात लावत नाही. मालक पावसाळ्यानंतर आला तरी ढीग तिथेच कुजलेला सापडतो. ऐनपाड्यात पोरासोरांनाही हे ठाऊक. मैनाबाई इतकी वर्षं या डोंगरांत हिंडल्या, दगड ठेवलेले ढीग त्यांनी शेकड्यांनी पाहिले. पाला उडू नये म्हणून ठेवत असतील, एवढंच त्यांना वाटायचं.

"विहीर बुजली तर राब पिणार आहात का?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, नुसता रुक्ष झाला.

"नि राब नाय भाजला तं खावाचा काय?" ठकी म्हणाली. मग ती आत गेली आणि कोरा चहा घेऊन आली. दोघी बांधावर बसून प्यायल्या. राबही खरा होता आणि विहीरही.

फोनला रेंज मिळते त्या वडाखाली येऊन मैनाबाईंनी संस्थेच्या साहेबांना कळवलं. साहेब तरुण आणि सभ्य होते. म्हणाले, चोरी झाली असं लिहून द्या, नावं द्या, आणि चौकशी होईपर्यंत काम बंद ठेवा.

"काम बंद ठेवलं तर बांध अर्धे राहतील, साहेब. पाऊस थांबणार नाही चौकशीसाठी."

"मग काय लिहायचं?"

"चोरी नाही. पडलेलं होतं, उचललं."

"मग दुसरा पेंढा नाही मिळायचा, ताई."

"नको," मैनाबाई म्हणाल्या. पेंढ्याशिवाय काय करणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. जीपमध्ये बोईसरपर्यंत त्या डोळे मिटून बसल्या. झोप काही लागली नाही.

घरी बन्सी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसला होता. त्याने चेहरा पाहिला आणि उठून ताटं घेतली. जेवताना सगळं ऐकून घेतलं, दगडाचं ऐकून इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. पाणी पिऊन म्हणाला, "घिवलीला समुद्रकाठी, आमच्या कंपनीतल्या गोमाच्या वाडीत सुरूचा पाला ढोपरभर पडलाय. फुकट झाडून न्या म्हणतो. बायकोला त्याच्यात साप दिसतात."

"सुरूचा पाला उतारावर राहील का पण? गवत नाही ते."

"मला काय विचारतेस? मी पावडरवाला."

दुसऱ्या दिवशी मैनाबाईंनी मूठभर पाला पिशवीत घालून ऐनपाड्याला नेला. ठकीने तो हातात चुरला, वास घेतला, चिमूटभर चुलीत टाकला. भसकन पेटला आणि विझला. "ह्यो राबाला नाय उपेगाचा. नुसता भडका, मागं राख नाय."

"बरं झालं," मैनाबाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही नेणार नाही."

"तरी दगड ठेव," बुधा ओटीवरून म्हणाला.

ज्या बायकांनी पेंढा नेला होता त्याच बायका गोण्या घेऊन घिवलीला झाडायला आल्या. समुद्राकडे पाठ करून दुपारपर्यंत त्यांनी पाला भरला. साप निघाला नाही, याचं गोमाच्या बायकोला वाईट वाटलं. टेम्पो डोंगराच्या अर्ध्यापर्यंतच चढला, पुढे गोण्या डोक्यावरून. पाला पसरायचा आणि हातभर अंतरावर दगड ठेवत जायचं. मैनाबाईंच्या हिशेबी दगड वाऱ्यासाठी होता, बायकांच्या हिशेबी मालकीसाठी. वाद घालायला दोन्ही बाजूंना वेळ नव्हता. माथ्याकडचा पट्टा तेवढा उघडा राहिला, पाला संपला. पुन्हा घिवलीला जाण्याइतकं कोणाच्या अंगात उरलं नव्हतं, आणि मैनाबाईंनीही कोणाला म्हटलं नाही. आभाळ भरून आलं त्याच संध्याकाळी शेवटच्या बांधाचा शेवटचा धोंडा बसला.

नंतर आठवडाभर पावसाने रस्ता बंद केला. उघडीप मिळाल्यावर मैनाबाई गेल्या. लांबूनच त्यांना ओहळाचा रंग दिसला, राखाडी. वरचे दोन बांध गाळाने काठोकाठ भरले होते. तिसरा एका बाजूने फुटला होता. उघड्या राहिलेल्या पट्ट्यात डोंगराला घळी पडल्या होत्या. खालच्या उतारावर मात्र पाला दगडांखाली दबून तसाच होता, आणि त्यातून गवताची हिरवी टोकं वर आली होती.

विहिरीत बुधा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून घमेल्याने गाळ काढत होता. वर ठकी तो दोरीने ओढून घेत होती.

"झरा?" मैनाबाईंनी विचारलं.

"हाय," बुधा खालून म्हणाला. "पायाला गार लागतंय. बारीक हाय, पण हाय."

म्हणजे विहीर गेली नव्हती. वाचलीही नव्हती धड. घळी बुजवायच्या, फुटलेला बांध पुन्हा घालायचा, आणि पाऊस सरल्यावर सगळा ओहळ उपसायचा. मैनाबाईंनी पिशवी आणि चपला काठावर ठेवल्या, पदर खोचला आणि ठकीच्या हातातली दोरी धरली. गाळ काळा, लोण्यासारखा मऊ होता. पुढच्या राबाला चांगला, म्हणून ठकीने त्याच्या ढिगावर आधीच एक दगड ठेवून दिला होता.

दुपारी काम थांबलं तेव्हा मैनाबाईंना कंबर सरळ करता येईना. बन्सीचा फोन येऊन गेला होता. वडाखाली जाऊन त्यांनी लावला.

"संपलं का?" त्याने विचारलं.

"आल्यावर सांगते," त्या म्हणाल्या.

पिशवी घ्यायला त्या विहिरीवर परत आल्या. ठकी आणि बुधा जेवायला घरी गेले होते. पिशवी जिथे ठेवली होती तिथेच होती, चपलाही. पिशवीवर एक दगड ठेवलेला होता. मैनाबाईंनी तो उचलला, हातात थोडा वेळ धरला, आणि जाताना फुटलेल्या बांधावर नेऊन बसवला.