ठेवू का?

आजवर मी जे जे धंदे केले त्यातला एकही मला येत नव्हता. त्यामुळं इंटरनेटवरच्या फोनचा धंदा काढताना तो आपल्याला येत नाही याची मला विशेष भीती वाटली नाही. आधी लग्नांची शूटिंग केली, तर एका कॅसेटभर नवरदेवापेक्षा आचारीच जास्त दिसला. मग थंड पाण्याचे जार केले, तर त्याच उन्हाळ्यात बोअर आटला. झेरॉक्सचं मशीन आणलं, तर त्यातून निघालेला सातबारा तलाठ्यालाही वाचता येईना. प्रत्येक वेळी बायको गप्प राहिली. चौथ्या वेळी मात्र तिनं भाकरी थापता थापता सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत बघते. न्हाई चाललं तर दादाकडं जाऊ."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. संभाजीनगरला त्याचं सिमेंटचं गोडाऊन आहे आणि तिथं माझ्यासाठी एक खुर्ची रिकामीच ठेवलेली आहे, असं तो दर सणाला चारचौघांत सांगतो. मला त्या खुर्चीची मनापासून धास्ती होती. मेहुण्याच्या हाताखाली बसण्यापेक्षा नाक्यावर भजी तळलेली बरी.

धंदा असा होता. पुण्याकडच्या एका कंपनीची एजन्सी घ्यायची आणि दुकानदाराला एक नंबर द्यायचा. त्यावर एकाच वेळी कितीही फोन येवोत, ते इंटरनेटवरून आपोआप उचलले जातात. आधी रेकॉर्ड केलेला आवाज बोलतो, अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा, आणि ज्यानं जे दाबलं त्याला ते मिळतं. कंपनीच्या पोरानं मला व्हिडिओवर सगळं शिकवलं. त्यातलं एकच वाक्य मला कळलं, "सर, सगळं क्लाउडवर आहे." मी नाक्यावर तेच सांगत सुटलो.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं कनेरगाव नाक्यावरच्या कृषी केंद्राचं. पेरणीच्या दिवसांत तिथल्या शेठचा फोन कानापासून सुटायचा नाही. एका हातात बियाण्याची पिशवी, दुसऱ्यात मोबाइल, आणि समोरचं गिऱ्हाईक ताटकळत उभं. मी क्लाउडचं बोललो तेव्हा त्यांनी विचारलं, "क्लाउड म्हंजे?"

"ढग."

"मंग उन्हाळ्यात काय करता?"

"पावसाळ्यातला साठा असतो," असं मी ठोकून दिलं. शेठला ते पटलं. खरं सांगायचं तर पुढं बरेच दिवस मलाही पटलेलं होतं.

कंपनीनं पाठवलेला आवाज कुठल्यातरी शिकलेल्या बाईचा होता. "नमस्कार. आमच्या सेवेत आपले स्वागत आहे. कृपया आपली पसंती कळवा." शेठच्या दुकानात खतापेक्षा याचीच चर्चा जास्त व्हायला लागली. आमच्याकडं पसंती एकाच गोष्टीची कळवतात, मुलगी पाहून आल्यावर. डोंगराकडच्या एका वाडीतला म्हातारा होता, शेळ्यामेंढ्या राखणारा. जंताच्या औषधासाठी त्यानं फोन लावला आणि पसंतीचं ऐकून घाबरून ठेवून दिला. आठवडी बाजाराला आला तेव्हा शेठला म्हणाला, "कशाची पसंती कळवू? आमचं पोरगं आजून नववीत हाय." दुसऱ्या एकानं तक्रार केली की बाई मगरूर आहे, आपण राम राम घातला तरी उलट राम राम घालत नाही, आपलंच दामटते.

शेठनं मला बोलावून झापलं. मी घरी येऊन कंपनीला शिव्या देत बसलो. बायको सूप घेऊन हरभरा पाखडत होती. तिनं मला पुन्हा पुन्हा ती टेप वाजवायला लावली आणि म्हणाली, "असं कोन बोलतं का? आना तो फोन इकडं."

आणि तिनं जे सांगितलं ते मी रेकॉर्ड केलं. "राम राम." मग ती थांबली. मी खूण केली की पुढं बोल, तर तिनं डोळे वटारले. समोरच्याचा राम राम व्हायला नको का? मग म्हणाली, "शेठ गिऱ्हाइकात हायेत, म्हनून मी बोलून राहिले. खत पायजे असंल तर एक दाबा. बियानं पायजे तर दोन. फवाऱ्याचं औषध तीन, जनावराचं चार." पुन्हा जरा थांबली आणि शेवटी म्हणाली, "बरं, ठेवू का?"

हे 'ठेवू का' फार महत्त्वाचं निघालं. आपल्याकडं विचारल्याशिवाय फोन ठेवणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. आकडा न दाबता नुसतंच ऐकत राहिलेल्या माणसालाही ही बाई विचारून फोन ठेवत होती, त्यामुळं लोक खूश झाले. जंताचं औषधही खपलं. शेठ मला चहा पाजायला लागले आणि मी घरात थोडा छाती काढून वावरायला लागलो. पोळ्यापर्यंत सगळं असं बराबर चाललं होतं.

पोळ्यानंतर तोच मेंढरंवाला म्हातारा काठी आपटत दुकानात आला. मी तिथंच चहा पीत होतो.

"ती बाई कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"काहून बाबा, काय झालं?" शेठ म्हणाले.

"ठेवू का म्हन्ती. मी म्हनलं थांब पोरी, बकरीचं तोंड सुजलंय, त्याचं सांगायचंय. तर ठेवून देली! येकडाव न्हाई, तीनदा. ऐकायचंच न्हाई तं इचारती काहून?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडं पाहायला लागली. शेठही पाहायला लागले. मी म्हणालो, "आत्ता दुरुस्त करतो." कंपनीच्या पोराला फोन लावला. त्यानं सांगितलं, शेवटी फोन दुसऱ्या नंबरवर वळवायचा, तिथं माणूस बोलेल, फार सोपं आहे सर. मला सोपं म्हटलेल्या गोष्टीचाच घाम फुटतो. पडद्यावर इंग्रजीत नंबर विचारला होता. कुणाचा ते कळेना, म्हणून मी आपला दुकानाचाच भरला.

त्यामुळं काय झालं, तर 'ठेवू का?' झालं की फोन फिरून त्याच नंबरवर यायचा आणि पहिल्यापासून सुरू. बरं, ठेवू का? राम राम! शेठ गिऱ्हाइकात हायेत. बरं, ठेवू का? राम राम! म्हातारा सभ्य माणूस. समोरून राम राम आल्यावर उत्तर न देता फोन ठेवणार कसा? मोबाइलची बॅटरी संपेपर्यंत तो त्या बाईला राम राम घालत राहिला. त्याच्यासारखे अजून बरेच अडकले. शेठला दिवसभर एकही खरा फोन आला नाही, कारण सगळे लाइनीत रामराम करत होते.

शेठनं मला उभ्या उभ्या सांगितलं, "ह्या महिन्याअखेर हे डबडं बंद. लई तकलीफ झाली."

मी घरी येऊन जोत्यावर बसलो. मला रडू येत होतं, आणि कशाचं येतंय ते स्पष्ट दिसत होतं. ती सिमेंटच्या धुळीतली खुर्ची, आणि समोर पाय हलवत बसलेला मेहुणा. बायकोला सगळं सांगितलं. ती हसून हसून बेजार झाली. मला वाटलं होतं, आता बांधाबांध सुरू करेल. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "माझा आवाज हाय तं नंबर बी माझाच टाका ना. थांब म्हन्लं तर थांबायला बाई तरी पायजे."

कंपनीच्या पोराला विचारत विचारत तिचा नंबर टाकला. त्या दिवसापासून 'ठेवू का?' म्हटल्यावर जो 'थांब' म्हणेल, त्याच्याशी पुढं ती स्वतः बोलायला लागली. म्हाताऱ्याच्या बकरीचं तोंड, कुणाच्या हळदीवरचा करपा, कुणाच्या सुनेचं बाळंतपण. तिला औषधातलं काय कळतं, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "कळत न्हाई ते शेठला इचारून सांगते. तुमी इचारता का कुनाला?" महिना संपला तरी शेठनं बंद करण्याचं नाव काढलं नाही. मग जनावरांचे डॉक्टर आले, मग टायरवाला आला. दोघांनीही एकच अट घातली, फोनवर तीच बाई पाहिजे.

दिवाळी आली. जायचं की राहायचं, हे बायकोनं सांगितलं नव्हतं आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. भाऊबीजेला मेहुणा आला तो छोटा हत्ती टेम्पो घेऊनच. सामान एका खेपेत जाईल, म्हणाला. बायको कानाला फोन लावून ओसरीवर बसली होती. तिनं भावाला हातानंच बसायची खूण केली. तो बसला. बराच वेळ बसला. शेवटी फोन ठेवून तिनं त्याला ओवाळलं, साडी घेतली, आणि मग तो म्हणाला, "चला, भरा सामान."

"दादा, माझं कसं जमंल?" ती म्हणाली. "हरभऱ्याची पेरनी चालू हाय, फोन कोन घेईल? यांना न्यायचं असंल तर न्ये. यांच्यावाचून इथं काही अडून न्हाई राहिलं."

मेहुण्यानं माझ्याकडं पाहिलं. "दाजी, तुमी काय म्हन्ता?"

मी चहा करायला आत गेलो. मला इतका आनंद झाला होता, की आपला अपमान झालाय हे चुलीवर आधण ठेवेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही.