गिरणीतलं इटालियन

सापगावच्या पिठाच्या गिरणीतले काका मान वर करून कुणाकडे बघत नसत. धान्य अडकू नये म्हणून ते वरच्या पत्र्याच्या पेटीवर दांडक्याने ठोकत राहायचे.

माझी इटालियनची तोंडी परीक्षा जवळ आली होती आणि घरी मोठ्याने बोलायची लाज वाटायची. म्हणून दळणाला आले की मी गिरणीच्या घरघरीत क्रियापदं म्हणून घेई. 'पार-ला-नो', म्हणजे ते बोलतात, जोर पहिल्या तुकड्यावर. 'पार-ल्या-मो', आम्ही बोलतो, जोर मधल्यावर. इथे कुणाला ऐकू जाणार?

एकदा अचानक वीज गेली. गिरणी थांबली आणि माझं 'पार-ला-नो' रांगेतल्या सगळ्या बायकांनी ऐकलं.

"काय गो, मंत्र म्हनतेस?" एक हसली. मी पिशवी उचलून निघाले.

"थांब गो," काका म्हणाले. "ह्या शब्दात रोज पयल्याला जोर देतेस, आज मधल्याला दिलास." त्यांनी पेटीवर एक जड आणि दोन हलके ठोके दिले. "आता म्हन."

मी सगळ्यांसमोर म्हटलं.

परीक्षेच्या खोलीत फार शांतता होती. मी टेबलाखाली बोटाने एक जड, दोन हलके ठोके दिले आणि बोलायला लागले.