डॅशबोर्डमागचा जांभळा दोरा

माझ्या पिकअपचा हॉर्न स्टिअरिंग डावीकडे वळवल्याशिवाय वाजत नाही आणि ड्रायव्हरच्या बाजूची काच लाकडी पाचरीवर उभी असते. घरचे तिला खटारा म्हणतात, मी म्हणत नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून अँगल आणि पाइप भरायचे, ते गोवा रोडच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे उतरवायचे, एवढं काम ती निमूट करते. बिघडली तर मीच हात काळे करतो. दुसऱ्याच्या हातात तिची वायर दिली की एका बिघाडाचे दोन होतात, हा अनुभव आहे.

गेल्या हिवाळ्यात गाडीतून उतरताना मला एकदा चक्कर आली. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि विषय संपला, असं मला वाटलं. त्यानंतर दोन गोष्टी सुरू झाल्या. दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरायला लागली. दुसरी गोष्ट सुखाची होती. दुपारी मी घरात पाऊल टाकायला आणि बायकोने तांदळाची भाकरी तव्यावरून उतरवायला एकच गाठ पडायची. माझी यायची वेळ कधीच ठरलेली नसते. इतक्या वर्षांच्या संसारानंतर हिला आता माझी चाहूल लागते, असं मी घरी येतानाच्या वाटेवर, पळस्प्याच्या चहावाल्याला फुशारकीने सांगायचो. तो म्हणायचा, "तुमचं नशीब हाय. आमच्या घरी नाय असं."

बॅटरीमागे मी कितीतरी रविवार घालवले. शेवटी निगेटिव्हची केबल सोडवून मध्ये मीटर लावला. सगळं बंद, चावी माझ्या खिशात, तरी मीटर करंट दाखवत होता. कुठेतरी काहीतरी गुपचूप पीत होतं. एकेक फ्यूज काढत गेलो, आकडा हलेना.

बायको टॉर्च धरून उभी होती. ही तिची जुनी ड्यूटी. मी हात घालीन तिथे न सांगता उजेड पडतो, इतकी सवय. त्या दिवशी मी डॅशबोर्डचे स्क्रू काढायला घेतले आणि उजेड भलतीकडेच गेला.

"अहो, राहू द्या आता," ती म्हणाली. "बॅटरीच जुनी झाली असेल."

मी खेकसलो, टॉर्च नीट धर म्हणून. तिने तो माझ्या हातात दिला आणि कुकर लावायचा आहे म्हणत आत गेली.

चावीच्या स्विचमागे, फ्यूजच्याही आधी, लाल वायरला एक नवा जोड होता. जोडावर टेप आणि टेपवर दोरा गुंडाळून गाठ मारलेली. आपल्या घामट हवेत नुसती टेप सुटते, म्हणून वरून दोरा बांधायचा, ही माझी पद्धत. ती मी एकाच माणसाला शिकवली आहे, माझ्या मुलाला. दोरा जांभळा होता. बायको लोकांच्या साड्यांना फॉल लावते, हा तिच्या डब्यातला. जोडाच्या पुढे काडेपेटीएवढी काळी डबी होती आणि तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. गाडी कुठे आहे ते मोबाइलवर दाखवणारी डबी. कळंबोलीत ट्रकचे मालक असल्या डब्या लावतात, ड्रायव्हरने वाटेत डिझेल विकू नये म्हणून.

मी तिथेच पायरीवर बसलो. चोरावर ठेवतात तशी माझ्यावर पाळत ठेवली होती आणि तीही मीच शिकवलेली गाठ मारून. रागाच्या भरात मी डबी तिच्या वायरच्या प्लगमधून उपटून काढली.

डबी नेऊन स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली. गाडीचा साधा नट तिथे दिसला तरी घर डोक्यावर घेणारी बाई, तिने हे काय आहे म्हणूनसुद्धा विचारलं नाही.

मुलगा बाहेरच्या खोलीतून आला. बेलापूरला ऑफिसात असतो, रविवारी घरी.

"बाबा, तुम्हाला चक्कर आली होती ना. टेन्शन येतं हो आम्हाला. त्यात फक्त लोकेशन दिसतं."

"मग मला विचारायचं."

"तुम्ही लावू दिलं असतंत?"

"नसतं दिलं. म्हणून तर विचारायचं असतं."

बायको मध्ये पडली, समजूत घालायच्या सुरात म्हणाली, "चिडू नका हो. तुम्ही पळस्प्याहून निघालात की मला मोबाइलवर दिसायचं, मग मी तवा ठेवायची. गरम जेवलात ना इतके दिवस?"

मुलाचं मी एक वेळ गिळलं असतं. हे मात्र जिव्हारी लागलं. चारचौघांत मिरवलेली चाहूल मोबाइलवरचा ठिपका निघाली. आणि मी रविवार रविवार गाडीखाली लोळत असताना ही मला टॉर्च दाखवत होती.

डबी मुलाच्या टेबलावर ठेवून दिली. जोड सोडवला, वायर नीट बंद केली, डॅशबोर्ड बसवला. गाडी आता कितीही दिवस उभी राहू दे, एका सेल्फमध्ये सुरू होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो तर बायको फॉल लावत बसली होती. मला बघून दचकली.

"आलात? बसा, लगेच टाकते भाकरी."

लग्नापासून गेल्या हिवाळ्यापर्यंत मी असाच बसून भाकरीची वाट बघत आलो होतो, त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. तिने गॅस पेटवला, तवा ठेवला.

"नको," मी म्हणालो. "सकाळची गार असेल ती वाढ."