तानाबाईंचं पिवळं गवत

आमच्याकडे उभी हिरवी वैरण कुणी वाळू देत नाही. ताटातलं अन्न टाकल्यासारखं वाटतं. त्यामुळे तानाबाईंनी माळावरच्या पट्टीत हत्तीगवत लावलं आणि दिवाळीनंतर पाणी तोडून ते तसंच उभं ठेवलं, तेव्हा पार पेठ वडगावच्या बाजारापर्यंत बोभाटा झाला की बाई खुळावली.

बाई खुळी नव्हती, हट्टी होती. तिथल्या उसाला पाणी पाजणं आता गुडघ्यांना झेपत नव्हतं आणि रान दुसऱ्याच्या हाती द्यायचं नव्हतं. कागलच्या एमआयडीसीतला एक कारखाना बॉयलरसाठी गवत घ्यायचा, पण वाळलेलंच. शिवाय गवत उभ्यानं पिवळं पडलं की त्याचा कस मुळांत उतरतो, पुढच्या फुटव्याला खत कमी लागतं, हे त्यांनी शेतकरी मेळाव्यात ऐकलं होतं. मुलगा यशराज म्हणाला, "यंदा साधलं तर बरं, न्हायतर पट्टी खंडानं देऊया."

मार्गशीर्षात त्या लेकीच्या बाळंतपणासाठी शहरात मंगळवार पेठेत गेल्या. इकडे यशराज खालच्या रानात ऊसतोडीत गुंतलेला, आणि शेजारच्या केरबाला कळवळा आला. म्हातारी अडकली, वैरण वाया चालली! त्यानं पैऱ्याची माणसं जमवली. आज मी तुझ्या रानात राबतो, उद्या तू माझ्या, तो पैरा. दुपारपर्यंत अर्धी पट्टी हिरवीगार कापून मोकळी.

नेमक्या तेव्हाच तानाबाई परतल्या त्या थेट रानात.

"केरबा, ह्ये काय केलंस रं?"

"काकी, चा सुदीक नको. पैऱ्यात धरा की."

इतक्या मायेनं कुणी वाटोळं केलं तर शिवी तरी कशी द्यायची? तानाबाईंनी दिलीच. मग बांधावर बसून रडल्या. मला त्या केरबाचा असा राग आला, आणि कीवही. उरलेल्या गवताला मात्र बाईंनी कुणाला शिवू दिलं नाही. फाल्गुनात ते खडखडीत वाळलं आणि कारखान्याची गाडी येऊन घेऊन गेली.

यशराजनं युरियाचं पोतं आणून ठेवलं होतं. "आधी फुटवा बघू," म्हणत बाईंनी ते उघडू दिलं नाही. वळीव पडले आणि पट्टी फुटली. हिरव्या कापलेल्या बाजूला काडीसारखे कोंब, वाळवून कापलेल्या बाजूला दाट, काळपट हिरवे ठोंब. मधे सरळ रेघ, केरबाच्या विळ्याची. ती नसती तर गावानं बाईंचं ऐकलं नसतं. यशराजनं पोतं उचलून खालच्या रानातल्या उसाला नेलं आणि खंडाचा विषय पुन्हा काढला नाही.

यंदा केरबानंही बांधालगत तेच गवत लावलं. दिवाळी झाल्यावर तो बाईंच्या दारात आला.

"काकी, माझा पैरा ऱ्हायलाय तुमच्याकडं."

"कापाय येऊ व्हय?"

"न्हाय वो! हिरवं दिसलं की हात शिवशिवत्यात. पिवळं पडूस्तोवर माझा इळा तुमच्या घरात ठिवा."

तानाबाईंनी विळा घेऊन आढ्याला खोचला.

"जा, बायकूचा बी घिऊन ये."