बोरिवली ते मुलुंड, एका न खेळलेल्या गेमसाठी

गेल्या रविवारी सकाळी बाबांनी गेमचा कन्सोल पिशवीत भरला आणि जाहीर केलं, "आज एक तर नवा गेम, नाहीतर हा विकून मोकळं व्हायचं." मुलुंडच्या एका बाईंनी आमची ऑनलाइन जाहिरात बघून फोन केला होता. वाटेत अंधेरी आणि घाटकोपरची दुकानं लागणार होती, म्हणजे माझ्या हातात दोन संधी.

आई गेल्यापासून बाबा जेवताना चार शब्द बोलत नाहीत. पण संध्याकाळी आम्ही दोघं गेम लावून बसलो आणि पडद्यावर एखादं अनोळखी गाव उघडलं, की त्यांना कंठ फुटतो. "ही खाडी बघ गो, आपल्या देवगडसारखी. लग्नानंतर तुझ्या आईला होडीत बसवलं, तर ती..." असं सुरू होतं आणि तासभर चालतं. ओळखीचा गेम असला की बटणं दाबतात, जिंकतात आणि उठून जातात. कन्सोल बनवणारी कंपनी मात्र हल्ली ओळखीचंच विकते. भाग चार, भाग पाच, नाहीतर जुन्याच गेमला रंगरंगोटी. आई होडीत बसून काय म्हणाली, ते मला अजून कळलेलं नाही, कारण तेवढ्यात तो गेम संपला.

तुम्हाला असाच प्रवास करायचा असेल तर मागाठाण्याला मेट्रो पकडा, गुंदवलीला उतरा आणि पुलावरून चालत घाटकोपरच्या मेट्रोकडे जा. तिकीट फोनवर काढा, खिडकीवर सुट्ट्यांवरून वाद होतात. तपासणीला आमची पिशवी अडवली.

"काय आहे काका ह्यात?"

"गेम."

"कुठला?"

"तोच," बाबा म्हणाले. ते आधीच वैतागले होते.

अंधेरीच्या मॉलमधली विक्रेती उत्साही होती. "सर, भाग सहा आलाय! झकास आहे."

"ह्यात नवीन काय?"

"घोडा आहे सर."

"चौथ्यातपण होता."

"आता दोन आहेत."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू घोडे मीच घातले. मॉलमध्ये कॉफी अजिबात घेऊ नका, त्या पैशात दोघांचं जेवण होतं.

घाटकोपरला मात्र मला आशा होती. तिथे जुन्या डिस्क बदलून देणारं एक दुकान आहे, आणि घेण्याआधी टीव्हीवर चालवून बघू देतात. (खाऊगल्ली दुपारी बंद असते, आम्ही तिथेही फसलो.) दुकानदाराने एक डिस्क पुढे केली. नाव नवं, कव्हर नवं. मी पैसे देऊनही टाकले. बाबा दोन मिनिटं खेळले आणि थांबले.

"डावीकडच्या दारामागे शिडी आहे. वर म्हातारा कंदील घेऊन बसलाय."

दार उघडलं. शिडी होती. वर म्हातारा होता, कंदिलासकट.

"अंकल, ग्राफिक्स तर बघा ना!" दुकानदार म्हणाला.

"ग्राफिक्स काय बघू? म्हातारा तोच आहे!"

पैसे परत मिळाले, पण वर ऐकून घ्यावं लागलं. "मॅडम, एकदम नवीन गेम आणला तर पडून राहतो. लोक भागाचा नंबर बघून घेतात. कंपनीला काय वेड लागलंय रिस्क घ्यायला?"

तिथून रिक्षाने मुलुंड. एलबीएस रोडवर धूळ इतकी, की तोंडावर ओढणी आणि मांडीवर कन्सोल घेऊन मी तासभर बसले होते. मनातल्या मनात त्या कंपनीला पत्र लिहीत होते आणि ते छापण्याजोगं नव्हतं.

मुलुंडच्या त्या बाई आयसीयूत नर्स निघाल्या. चहा दिला, साबुदाणा वडा दिला. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "ह्याच्यावर नवं काही येत नाही हं."

"मला नको नवं. भाग चार आहे ना? मग बास," त्या म्हणाल्या. "काका, दिवसभर कुठल्या खाटेच्या पडद्यामागे काय होईल, माहीत नसतं. घरी आल्यावर तरी दारामागे काय आहे ते माहीत असावं."

हे मला पटलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. बाबांनी पैसे मोजून घेतले आणि त्यांच्या टीव्हीला वायरी जोडून दिल्या.

परतताना पवईमार्गे बस घेतली. पवईला ती इतका वेळ उभी राहिली, की मी सगळा हिशेब मनातच मांडला. दुकानदार म्हणतो ते खरं, नर्सबाई म्हणतात तेही खरं. कंपनीचं नव्या गेमवाचून काही अडत नाही. अडलं माझं.

घरी पोचलो, हातपाय धुतले आणि दोघंही सवयीने टीव्हीसमोर येऊन बसलो. मी धीर करून विचारलंच, "बाबा, होडीत आई काय म्हणाली होती?"

त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. टीव्ही बंद होता.

"असंच काहीतरी," ते म्हणाले. "बातम्या लाव गो."